बँडच्या खोलीची किल्ली

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. रागात हाताला येईल ते पुढच्याच्या अंगावर टाकायची मला खोड आहे. एकदा मनगटातलं घड्याळ टाकलं, एकदा उलथनं, एकदा गिऱ्हाइकाची चप्पल थेट हमरस्त्यावर. राग उतरला की काय टाकलं आणि कुणावर टाकलं ते माझ्या ध्यानातही राहत नाही. बायको म्हणते, "तुमचं बरं हाय. तुमी इसरून जाता आन आमी येचत बसतो."

नव्वदच्या दशकात मी इंदापूरला रस्त्याच्या कडेला हॉटेल काढलं. खाली जेवण, वर मुक्कामाच्या आठ खोल्या. त्या रस्त्याला हॉटेलांची कमी नव्हती आणि सगळ्यांच्या खोल्या सारख्याच. गुलाबी रंग, टेबलफॅन, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. आपल्याकडं काहीतरी आपलं पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं होतं. म्हणून सात नंबरची खोली मी आमच्या गावच्या बँडची केली.

आमचं गाव कळस. आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांची हयात मेंढरांमागं गेली. पुढं कळप मोडले, जमिनीला पाणी लागलं, ऊस आला आणि माणसं एका जागी राहायला लागली. ढोल तर घरोघरी होतेच. त्यांच्या जोडीला कुणीतरी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन ट्रंपेट आणि एक क्लॅरोनेट आणलं आणि बँड उभा राहिला. लाल कोट, पिवळी पट्टी, पायात ज्याच्या त्याच्या वहाणा. मेंढरांमागं फिरणाऱ्यांनी कोट घातले म्हणून लोक आधी हसले. मग तेच लोक, बँड कोणत्या दिवशी मोकळा आहे ते विचारून लग्नाची तारीख धरायला लागले. बारामतीपासून नरसिंहपूरपर्यंत किती लग्नं, किती जत्रा या लोकांनी वाजवल्या त्याची गणती नाही. माझे वडील बँडात मोठा ढोल वाजवायचे. वडिलांचे जिवलग तात्या क्लॅरोनेटवर आणि आबा ट्रंपेटवर.

या बँडात एक रीत होती. दुसरीकडं ती मी कुठं पाहिली नाही. वाजवणारा गेला, की त्याचं स्वतःचं वाद्य त्याच्या उंबऱ्यात वाजल्याशिवाय त्याला उचलायचं नाही. गाणं नको, चाल नको. बँडातल्या कुणीही एक फुंक मारायची, ढोल असला तर एक टिपरू मारायचं, बस्स. तात्या सांगायचे, "मानूस गेला तरी त्याचा थोडा जीव वाद्यात अडकून ऱ्हातो. त्यो सोडवायचा आन मग न्यायचं."

माझे वडील गेले तेव्हा बँड बारामतीला लग्नात होता आणि ढोल बँडाबरोबर होता. वडील आजारी म्हणून घरी होते. निरोप गेला, पण येईपर्यंत दुपार होणार. आमच्या भावकीतले लोक घाई करायला लागले. ऊन वाढतंय, किती थांबायचं, एका ढोलापायी काय अडलंय. मी तेव्हा अडाण्यासारखा गप्प उभा होतो. तात्यांनी वरात अर्ध्यात सोडली. मिळेल त्या ट्रकनं फाट्यापर्यंत आले आणि तिथून तो भला मोठा ढोल पाठीला बांधून गावापर्यंत चालत आले. अंगावर लाल कोट तसाच, घामानं काळा झालेला. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी एक टिपरू मारलं. तो आवाज माझ्या छातीतून अजून गेलेला नाही. त्या दिवशी तात्यांना मी म्हणालो होतो, "तात्या, तुमच्या टायमाला मी कमी पडनार न्हाय." लहान तोंडी मोठा घास होता, पण मनापासून बोललो होतो.

पुढं लग्नात बेंजो आले, मोठमोठे कर्णे आले आणि बँड बसला. वाद्यं कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात पडून राहिली. ती मी गोळा केली. सात नंबरच्या खोलीत वडिलांचा ढोल ठेवला, लाल कोट काचेमागं लावले, जुने फोटो मोठे करून घेतले. दार सागवानी करून घेतलं आणि त्यावर सुताराकडून ट्रंपेट कोरून घेतला. पलंगाच्या समोरच्या भिंतीला काचेची पेटी केली. ती पेटी क्लॅरोनेटसाठी होती.

तात्या काही केल्या क्लॅरोनेट देईनात. मी चार वेळा कळसला गेलो. पाचव्या वेळी म्हणाले, "देतो, पन माझी एक अट हाय. ह्ये लाकूड हाय, लेका. ह्यात फुंक गेली न्हाय तर ह्ये तडकतं. दर बाजारच्या दिवशी मी यीन आन अर्धा घंटा वाजवीन."

"या की. तुमचीच खोली हाय," मी म्हणालो.

पहिल्या वर्षी हे छान चाललं. बाजारच्या दिवशी तात्या एसटीनं यायचे, धोतराला हात पुसायचे आणि काउंटरपाशी उभे राहायचे. हॉटेल झाल्यापासून ते मला मालक म्हणायचे, त्यात थोडी चेष्टा होती. "मालक, खोली मोकळी हाय का?" मी किल्ली काढून द्यायचो. वरून क्लॅरोनेट वाजायला लागलं की खाली भाकरीचा घास हातात धरून लोक थांबायचे.

पण खोलीचं नाव झालं. लग्नाची मंडळी तीच खोली मागायला लागली. तात्या यायचे तेव्हा आत कुणी ना कुणी असायचं. मग ते काउंटरसमोरच्या बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, तासभर वाट बघायचे आणि एसटी धरायचे. मला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून त्यांचाच राग यायचा. हा माझा स्वभाव.

खोलीला दोन किल्ल्या होत्या. दोन्हींना लाकडाची चकती आणि चकतीवर सात आकडा कोरलेला. एक गिऱ्हाइकाकडं जायची, दुसरी माझ्या खणात असायची. ती दुसरी एका आषाढापासून सापडत नव्हती. काउंटरवर माझा मेहुणा बसायचा. मी त्याच्यावर आळ घेतला, चार माणसांत वाटेल ते बोललो. तो म्हणाला, "दाजी, माझ्या पोराची आन घेऊन सांगतो, मी न्हाय." मी ऐकलं नाही. नवी किल्ली करून घेऊ म्हणता म्हणता चैत्र आला.

त्या चैत्रात सोलापूरकडची एक लग्नाची मंडळी सात नंबरला उतरली होती. लग्न दुसऱ्या दिवशी. सकाळी सगळे नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला निघाले. नवरीच्या आईनं किल्ली पिशवीत टाकली आणि मला बजावलं, "आत मुलीचं सोनं आहे. वाटेत नको म्हणून ठेवलंय. आम्ही येईपर्यंत खोलीकडं कुणाला फिरकू देऊ नका." मी छातीला हात लावून सांगितलं, "ताई, माझ्या वडलांचा ढोल हाय त्या खोलीत. तुमी निर्धास्त जावा."

दहाच्या सुमाराला कळसहून फोन आला. तात्या सकाळी उठलेच नाहीत.

अकराला आबा हॉटेलात आले. ट्रंपेटवाले आबा, आता पाठीत वाकलेले. कुणाच्या तरी जीपमधून आले होते. बाकावर बसले, तात्या बसायचे त्याच जागी. "क्लॅरोनेट दी," म्हणाले. "पावनेरावळे जमलेत. ऊन कसलं हाय बघतोयस न्हवं. पाच वाजेपातुर थांबतील, म्होरं मला कुनी जुमानायचं न्हाय."

मी तसाच उठलो. वर गेलो. दारातच बसवलेलं कुलूप लागलेलं. खिडकीचा पडदा अर्धवट सरकलेला होता. गजांतून बघितलं तर समोरच्या भिंतीवर पेटी आणि पेटीत क्लॅरोनेट. हात लांबवला तरी मध्ये सगळी खोली. पलंगावर नवरीच्या साड्या आणि पायथ्याला लोखंडी ट्रंक. दार फोडलं आणि उद्या त्या ट्रंकेतला एक मणी जरी कमी निघाला, तर चोर मी. हॉटेलाला टाळं लागायला तेवढं पुरे. आणि फोडलं नाही तर तात्या.

मेहुणा मागं येऊन उभा राहिला होता. "दाजी, फोडू नका. नरसिंहपूरला जाऊन किल्ली आना. दुपारपातुर परत याल." किल्ली म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. आळ त्याच्या मनातून गेला नव्हता, आणि जायचं कारणही नव्हतं.

मी मोटारसायकल काढली. चैत्रातलं ते ऊन, रस्त्याला सावलीचा पत्ता नाही, आणि मध्येच उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाट अडवून चाललेल्या. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखायला लागला. एका ट्रॉलीवाल्याला मी अशी शिवी दिली की तो गाडी थांबवून खाली उतरला. मी थांबलो नाही. डोक्यात एकच चाललं होतं. तात्या ढोल पाठीवर घेऊन फाट्यापासून चालत आले होते आणि आपल्याला एक किल्ली आणता येत नाही.

नरसिंहपूरला पोचलो तेव्हा देऊळ शांत होतं, नैवेद्य होऊन गेला होता. ओवरीत पुजारी पान लावत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "सोलापूरकडची ना? दर्शन झालं त्यांचं. होडीनं पलीकडं गेली. तिकडं नातलग आहेत म्हणे, जेवणं करून संध्याकाळी येतील."

घाटाच्या पायऱ्या उतरून मी पाण्यापाशी गेलो. संगमाचं पाणी, पलीकडचा काठ उन्हात पांढरा दिसत होता. होडी तिकडंच लागलेली. नावाड्याला हाका मारल्या, गमजा हलवला. तो बहुतेक झाडाखाली झोपला असावा. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेजारी धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, "कुनी गेलं का वो?" मी म्हणालो, "व्हय." आणि मग मला एकाएकी रडू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी ते सरळ विचारलं होतं.

तोंडावर पाणी मारलं आणि परत फिरलो. इंदापूरला आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आबा बाकावर तसेच बसलेले. समोर चहा ठेवलेला, त्यावर साय धरलेली. त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं.

मी मागच्या खोलीतून पहार आणली. मेहुणा जिन्यात आडवा झाला. "दाजी, सोनं हाय आत."

"ठावं हाय मला. तू माझ्यासंगं आत ये आन नजर ठेव. आबांना बी वर आन. मी एका पेटीला सोडून कशाला हात लावला, तर तूच माझ्याइरुद्ध साक्ष दी."

ते दार करताना सुताराला मी सांगितलं होतं, दहा माणसं लागली तरी हलता कामा नये. त्यानं माझं ऐकलं होतं. पाच घाव घातले तरी चौकट हलली नाही. सहाव्याला कोरलेल्या ट्रंपेटच्या मधोमध दार फाटलं. मी हात घालून आतून उघडू गेलो तर कुलूप किल्लीशिवाय सुटेना. मग बिजागरीकडून उचकटलं. खालचं गिऱ्हाईक जेवण सोडून जिन्यात जमलं होतं. त्यांच्यासमोर मी आत गेलो, पेटी उघडली, क्लॅरोनेट काढलं आणि बाहेर आलो. मेहुण्यानं दारात खुर्ची टाकली आणि त्यावर बसला. "मंडळी येईपातुर मी हितनं उठत न्हाय," म्हणाला. सकाळीही तो मला अडवत होता, पण मला बुडू द्यायचं नाही म्हणून. हे मला तेव्हा कळलं, आणि ते त्याला सांगायला मात्र बरीच वर्षं लागली.

कळसला पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. अंगणात माणसं उभी होती, काहींनी खांद्यावर पंचे टाकले होते. तात्यांना बाहेर आणून ठेवलेलं. त्यांचा पुतण्या म्हणाला, "आबा, आता बास. उचलू या."

"उचलशील," आबा म्हणाले, "पन माझ्यानंतर."

ते उंबऱ्यात उभे राहिले. क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि फुंकलं. आवाज आला नाही. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. माघापासून त्यात कुणाची फुंक गेली नव्हती, फुंकायची वेताची पत्ती वाळून खडखडीत झाली होती. गर्दीत चुळबूळ सुरू झाली. आबांनी घाई केली नाही. पत्ती सोडवून तोंडात धरली आणि डोळे मिटून उभे राहिले, कितीतरी वेळ. मग पत्ती बसवली, लाकडावर वरपासून खालपर्यंत एकदा बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. तिथं केसाएवढी चीर गेली होती. ती त्यांनी अंगठ्यानं दाबून धरली आणि फुंकलं.

आधी चिरका आवाज आला आणि मग एक सूर लागला. लांब, थरथरता, मध्ये फाटलेला. पण तो तात्यांच्या क्लॅरोनेटचाच होता, दहा क्लॅरोनेटांत मी तो ओळखला असता. श्वास संपेपर्यंत आबांनी तो धरला. मग खाली बसले आणि हातानं खूण केली, की न्या.

सोन्याचं सांगून टाकतो. मंडळी संध्याकाळी आली. फुटलेलं दार बघून नवरीच्या आईनं आधी कपाळाला हात लावला. ट्रंक उघडून सगळं तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं मेहुण्याला कारण विचारलं, त्यानं सांगितलं. ती म्हणे एवढंच म्हणाली, की मग तुम्ही बरोबर केलंत. मला ही माणसं पुन्हा कधी भेटली नाहीत. त्या बाईला मी अजून मनातल्या मनात हात जोडतो.

पण त्या वेळी मी कळसलाच होतो. सगळं आटोपून ओढ्यावरून परत आलो तेव्हा बायका घरात बसल्या होत्या. तात्यांची बायको, आमची काकी, भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं जवळ बोलावलं. पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"ही तुजी," म्हणाली. "अंघुळ घालताना करगोट्याला बांदलेली घावली."

लाकडाची चकती. चकतीवर सात.

मला एका क्षणात सगळं आठवलं. आषाढातला बाजारचा दिवस, दुपारची जेवणाची गर्दी, स्वयंपाकी आला नव्हता म्हणून मीच भट्टीवर. तात्या तिसऱ्यांदा येऊन विचारत होते, मालक, खोली मोकळी झाली का. मी खण ओढला, किल्ली काढली आणि त्यांच्या छातीवर फेकली. "ही घ्या. ठेवा तुमच्यापाशी. यायचं तवा या, उगडायचं तवा उगडा, मला पुन्हा इचारू नका." किल्ली फरशीवर पडली होती. तात्या ती वाकून उचलत होते, तेवढ्यात मी भट्टीकडं वळलो होतो आणि विसरलोही होतो.

त्यानंतर ते किती बाजारांना आले. पहिल्यासारखंच, खोली मोकळी हाय का, म्हणून विचारत. आत कुणी नसलं आणि मी कामात असलो तरी ते बाकावर बसून राहायचे. मीच कधी मान वर करून मेहुण्याला गिऱ्हाइकाची किल्ली द्यायला सांगितलं, की मग वर जायचे. आणि माघानंतर मी मानही वर केली नव्हती. एवढे दिवस किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"काकी, मग ते उगडून का बसत नव्हते?" मी विचारलं.

"मी बी त्येच म्हनायची. किल्ली हाय तर जावा की खुशाल, त्या पोराची कशाला वाट बगता." काकीनं डोळ्याला पदर लावला नाही. माझ्याकडं सरळ बघत होती. "तर म्हनायचे, ही फेकलेली हाय, दिलेली न्हाय. त्यो हातात दील तवा उगडीन."

तिचा हात तसाच पुढं होता. मला माझा हात पुढं करायला फार वेळ लागला.